फेसाचे तीन गुण

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. पण फुटका म्हणू नका. ते माझ्या पाच भावंडांच्या वाट्याला आलं, मी अजून धडधाकट आहे. मी काचेचा पेला. खाली पोट सुटलेलं, वर गळा आवळलेला आणि उभं राहायला एकच आखूड पाय. या अंगकाठीला हसू नका. पोट मोठं म्हणून आतलं पेय हलवून बघता येतं आणि गळा आवळलेला म्हणून त्याचा वास पटकन उडून जात नाही. मला घडवलंय ते बिअर चाखण्यासाठी. आता बिअर हे मोठ्या माणसांचं पेय. तुमच्यात जे लहान असतील त्यांनी मोठं होऊन काय ते ठरवावं, मी कुणाला आग्रह करत नाही. माझी गोष्ट खरं तर धुण्यापुसण्याची आहे आणि ती सगळ्यांच्या कामाची आहे.

माझा जन्म भट्टीतला. एका कारागिराने लांब नळीच्या टोकाला तापलेल्या काचेचा गोळा घेतला आणि नळीतून फुंकर मारली. ती फुंकर म्हणजे माझं पोट. दिवसाला तो असे दोन-तीनशे पेले फुंकायचा, त्याला माझं काय कौतुक असणार! तरी मी निवल्यावर त्याने मला नखाने टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि शेजारच्याला म्हणाला की हा खणखणीत निघाला. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. तिच्यावर मी बरीच वर्षं काढली, कारण दुसरी लवकर मिळाली नाही.

झालं असं की आम्हा सहा भावंडांच्या खोक्यातून मी एका लग्नात आहेर म्हणून गेलो. नवरा चष्म्याच्या दुकानाचा मालक. मी त्यांना चष्मेवालेच म्हणतो. बायको रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणतो. दोघंही भली माणसं, पण बिअरचा आणि त्यांचा तेव्हा काडीचा संबंध नव्हता. आम्ही सहाजण काचेच्या कपाटात मिरवत बसलो. मग एकाला मांजराने पाडलं, एकाला कुणीतरी थंडीत उकळतं पाणी दाखवलं, दोघं घर बदलताना गेले, पाचव्याचं काय झालं ते घरात कुणीच कबूल करत नाही. उरलो मी. मला फोनशेजारी ठेवून माझ्यात पेनं खोचली गेली. त्यातली निम्मी उमटतही नव्हती. खणखणीत पेला मी, आणि वाळलेल्या पेनांचं ओझं वाहत होतो! त्या दिवसांत मला फार वाईट वाटायचं, हे मोकळेपणाने सांगतो.

माझे दिवस पालटले ते ताईंच्या भावामुळे, म्हणजे चष्मेवाल्यांच्या मेहुण्यामुळे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हातात कायम ग्रीस, पण नाक भलतंच तल्लख. त्याला नाद होता लहान लहान कारखान्यांत थोडी थोडी बनवतात त्या बिअरचा. एका शनिवारी संध्याकाळी तो तशा दोन बाटल्या घेऊन आला, फोनशेजारी त्याने मला पाहिलं आणि पेनं टेबलावर ओतून टाकली. म्हणाला की ताई, हा पेला म्हणजे सोनं आहे आणि तुम्ही त्याची कचरापेटी केलीय. मित्रांनो, त्या क्षणापासून मी मनाने त्याचा झालो.

तेव्हापासून दर शनिवारची संध्याकाळ ठरून गेली. चौथे भिडू म्हणून वरच्या मजल्यावरचे निवृत्त रेल्वे गार्ड येऊ लागले. त्यांना सगळे ‘पावणेसात’ म्हणायचे, कारण दहापैकी पावणेसातच्या वर त्यांनी आयुष्यात कशालाच गुण दिले नव्हते. स्वतःच्या मुलीच्या गाण्यालाही साडेसहाच.

ताई प्रयोगशाळेतल्या, त्यामुळे त्यांना अघळपघळ कारभार चालत नाही. त्यांनी नियम केले. बाटल्या कागदी पिशवीत गुंडाळायच्या, वर नुसता आकडा. गुंडाळायचं आणि ओतायचं काम चष्मेवाल्यांचं, तेही स्वयंपाकघरात, कुणाच्या नजरेआड. प्रत्येक बिअर आधी माझ्यात ओतायची आणि मला ट्रेमधून खिडकीपाशी आणायचं. मग फेसाकडे बघत घड्याळ लावायचं. मिनिटभराने बोटभर फेस उभा असेल तर तीन गुण, निम्मा बसला तर दीड, सगळा बसला तर शून्य. मग एकेकाने माझ्यात नाक घालायचं, वासाचेही तीन. त्यानंतर छोट्या साध्या ग्लासांत वाटणी आणि चवीचे चार. प्रत्येकाकडे एक कार्ड. आधी लिहायचं, मग बोलायचं. हा शेवटचा नियम खास पावणेसातांसाठी होता. ते एकदा ‘कडू’ म्हणाले की सगळ्यांना ती कडूच लागायची. मध्ये जीभ साफ करायला कोरडा पाव. खारे दाणे मना होते आणि त्यावरून पावणेसात दर शनिवारी एकदा तरी कुरकुरायचे.

एका बाटलीनंतर दुसरीच्या आधी चष्मेवाले मला थंड पाण्याने विसळायचे. शेवटी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून स्वच्छ धुवायचे, हेही त्यांचंच काम. चार वर्षं हे असं चाललं. गव्हाची, करपवलेल्या धान्याची, संत्र्याच्या सालीची, कसकसल्या बिअर माझ्या पोटातून गेल्या! आलेले पाहुणे मला उचलून प्रकाशात धरायचे आणि वा म्हणायचे. मी थोडा चढून गेलो होतो, ते नाकारत नाही.

मग मेहुण्याने नोकरी सोडली. परवान्याचे कागद केले, सायकलच्या दुकानामागे एक खोली घेतली, स्टीलची एक टाकी आणली आणि स्वतः बिअर बनवू लागला. पावणेसातांनी तिचं नाव लगेच ‘हातभट्टी’ ठेवलं. मेहुण्याने सांगितलं की बाजारात आणायच्या आधी माझी बिअर शनिवारच्या टेबलावर पास झाली पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या मताची त्याला फिकीर नव्हती. लोक तोंडावर गोड बोलतात, हे टेबल बोलत नाही, असं तो म्हणायचा. ताईंनी आणखी एक नियम घातला: ज्याची बिअर त्याने टेबलाशी बसायचं नाही, कारण त्याचा चेहरा बघून इतरांचा हात ढिला पडेल. म्हणून त्याची बाटली असेल त्या शनिवारी मेहुणा बाहेर जिन्याच्या पायरीवर बसायचा. कार्डं झाली की त्याला आत बोलवायचे.

आता चष्मेवाल्यांचं सांगतो. त्यांचा या मेहुण्यावर फार जीव. दुकान नवीन होतं तेव्हा पाटी रंगवायला भर उन्हात शिडी धरून उभा राहिलेला हाच. स्वतःला भाऊ नाही, म्हणून याच्यातच त्यांनी भाऊ पाहिला. त्यामुळे पहिल्या परीक्षेच्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांनी काय केलं, तर मेहुण्याची बाटली मुद्दाम शेवटी ठेवली, शेवटची चव जिभेवर राहते म्हणून. आणि तिच्या आधी मला विसळून झाल्यावर खिशातून पिवळं फडकं काढलं.

हे फडकं त्यांच्या दुकानातलं. चष्म्याच्या काचेवर बोटांचे ठसे उठू नयेत, पाणी थांबू नये, म्हणून त्याला कसलं तरी औषध लावलेलं असतं. जन्मभर काच पुसलेला माणूस तो, त्यांच्या लेखी चमकलं म्हणजे स्वच्छ झालं. त्यांनी मला आतून-बाहेरून असं पुसलं की मी आरशासारखा झळकलो. पण मला लगेच जाणवलं. माझ्या अंगावर काहीतरी निसरडं, पातळ बसलं होतं, धड दिसतही नव्हतं. अहो नको, असं मला ओरडावंसं वाटलं. पण पेल्याला तोंड असून उपयोग काय!

बिअर माझ्यात पडली. फेस आला, छान फुगला, आणि निसरड्या काचेला धरायला जागा न मिळाल्यासारखा भराभर बसत गेला. मला ट्रेमधून खिडकीपाशी नेलं, घड्याळ लावलं. मिनिट व्हायच्या आत वर काही उरलं नाही. पावणेसात लिहून झाल्यावर म्हणाले की बिअर गुणी आहे, पण डोक्यावर टक्कल आहे. मेहुणा आत आला, कार्डं वाचली आणि गोंधळला. म्हणाला, माझ्या खोलीत तर फेस उभा राहतो. त्यावर पावणेसात हसले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. बाकीच्या बाटल्यांचा फेस याच पेल्यात उभा राहिला होता, मग पेल्याला कोण दोष देणार? मेहुण्याने टेबलाचं ऐकलं.

तिथून त्याची परवड सुरू झाली. एक बिअर तयार व्हायला पाच आठवडे लागतात. दुसऱ्या वेळी त्याने फेसासाठी गहू वाढवला. इकडे चष्मेवाल्यांनी काळजीने मला दुप्पट पुसलं. फेस बसला. तिसऱ्या वेळी त्याने हॉप्स वाढवले, म्हणजे ते कडसर फूल, फेसाला त्याचा आधार होतो म्हणे. चष्मेवाल्यांनी फडकं नवीन आणलं. फेस आणखी लवकर बसला. बिचारे करायला जात होते भलं आणि होत होतं भलतंच. मला सगळं ठाऊक होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. त्या महिन्यांत मला ट्रेमध्ये चढायचीच भीती वाटू लागली.

चौथ्या परीक्षेच्या शनिवारी तर चवही बिघडली होती. इतके फेरफार केल्यावर दुसरं काय होणार? फेस शून्य, चव दीड. मेहुणा आत आला, उभ्यानेच कार्डं वाचली, टेबलावर परत नीट रचून ठेवली आणि सांगितलं की लिफ्टच्या कंपनीतून साहेबांचा फोन आला होता. जागा अजून रिकामी आहे, सोमवारपर्यंत कळवायचंय.

“ताई, मला हे जमत नाही. मी हो कळवतो,” तो म्हणाला आणि पुन्हा बाहेर जाऊन पायरीवर बसला.

चष्मेवाले त्याच्या मागोमाग गेले. पावणेसातही वर निघून गेले. म्हणून त्या दिवशी मला धुवायला ताई उभ्या राहिल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मला नळाखाली धरलं, उलटं केलं, आणि थांबल्या. माझ्या आतून पाणी सरळ ओघळत नव्हतं. त्याचे थेंब थेंब वेगळे होऊन काचेवर थबकले होते. ताईंनी शेजारचा साधा ग्लास विसळून पाहिला. त्याच्यावरून पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं. मित्रांनो, प्रयोगशाळेत काचेची नळी स्वच्छ आहे की नाही ते असंच बघतात. पाण्याचे थेंब तुटले की समजायचं, काचेवर काहीतरी चिकटलंय. ताईंनी मला पुन्हा नळाखाली धरलं, पुन्हा पाहिलं. मग ओल्या हातानेच दार उघडलं आणि दोघांना आत बोलावलं.

“हा पेला कशाने पुसलात?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

चष्मेवाल्यांचा हात आपोआप खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. ते सहज म्हणू शकले असते, की ठाऊक नाही, मी फक्त विसळतो. कुणी पाहिलं नव्हतं. साक्षीदार मी एकटा, आणि मी मुका. मला वाटलं, आता हे गप्प बसले की सगळं संपलं, सोमवारी फोन जाणार आणि ती टाकी विकली जाणार. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता.

मग त्यांनी ते पिवळं फडकं काढून टेबलावर ठेवलं.

“याने. फक्त याच्या बाटलीच्या आधी. दरवेळी,” ते म्हणाले. “इतरांपेक्षा जरा उठून दिसावी म्हणून.”

ताईंनी कपाळावर हात मारला. नियम मी कुणासाठी केले होते, एवढंच त्या म्हणाल्या. चष्मेवाले मान खाली घालून उभे राहिले. मेहुणा एकदा फडक्याकडे बघत होता, एकदा माझ्याकडे.

ताईंनी पाणी तापवलं, सोडा घातला आणि मला असं घासलं की जुन्या कारागिराची आठवण झाली. दोनदा विसळलं, उलटं ठेवून वाळू दिलं. कुणी बोटही लावलं नाही. मेहुण्याने त्या खेपेची जादा बाटली आणली होती, ती उघडली. बिअर माझ्यात उतरली आणि तिचा फेस वर येऊन थांबला. मिनिट झालं, दोन झाली, तीन झाली, तरी तो बोटभर उभाच. तिघं माझ्याभोवती वाकून बघत होते आणि मला, खरं सांगतो, रडू येत होतं.

चव मात्र बेताचीच होती, ती काही पेल्याने सुधारत नाही. पण ताई सगळी कार्डं जपून ठेवतात. त्यांनी खणातून पहिल्या शनिवारची काढली आणि मोठ्याने वाचली. वास तीनपैकी तीन, चव चारपैकी साडेतीन, फेस शून्य. अगदी पावणेसातांच्या कार्डावरही वासाचे अडीच होते. मेहुण्याने ती कार्डं हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

“म्हणजे पहिलीच बरोबर होती?” त्याने विचारलं.

“बरोबर होती,” चष्मेवाले म्हणाले. “मी घालवली.”

मेहुणा चहाला न थांबता गेला. सोमवारी त्याने लिफ्टच्या साहेबांना नाही कळवलं, हे आम्हाला ताईंकडून समजलं. चष्मेवाल्यांना मात्र त्याचा फोन आला नाही, तो आठवडाही नाही आणि पुढचाही नाही. चूक पोटात घालायला वेळ लागतो, आणि चार महिने काही थोडेथोडके नव्हेत. चष्मेवाले दुकानातून यायचे आणि आधी फोनकडे बघायचे. जेवणात त्यांचं लक्ष नसायचं. तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला. मेहुण्याने विचारलं की टाकीचा दाब दाखवणाऱ्या काट्याची काच धुरकटलीय, ती कशाने साफ करू. चष्मेवाले म्हणाले, मला विचारू नकोस रे बाबा, तुझ्या ताईला विचार. पलीकडून हसल्याचा आवाज आला आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.

पाच आठवड्यांनी तो पहिल्या कृतीने बनवलेली बिअर घेऊन आला. चष्मेवाले म्हणाले की आता ओतायला मी नको, माझ्यावर भरवसा ठेवू नका. मेहुणा म्हणाला, ओतणार तुम्हीच, पुसणार मात्र कुणीच नाही. बाटल्यांचा क्रम ताईंनी चिठ्ठ्या टाकून ठरवला. मेहुणा नियमाप्रमाणे पायरीवर जाऊन बसला. त्याची बाटली तिसरी आली. मला इतरांसारखंच थंड पाण्याने विसळलं, तसंच ओलं ट्रेमध्ये ठेवलं आणि ओतलं.

खिडकीपाशी घड्याळ लावलं. फेस आला आणि राहिला. पांढरा, दाट, माझ्या काठाला धरून. मिनिट झालं. पेन्सिली कागदावर चालल्या, कुणी वर बघेना. सगळ्या बाटल्या व्हायच्या आधी बोलायचं नाही, नियम म्हणजे नियम. पण चष्मेवाल्यांना राहवेना. त्यांनी मला दोन्ही हातांत धरलं, दार उघडलं आणि पायरीवर मेहुण्याशेजारी बसून मला त्याच्यासमोर धरलं. ताईंनी पाहिलं, आणि पहिल्यांदाच नियम मोडू दिला.

मेहुण्याने मला हातात घेतलं नाही. गुडघ्यावर हात ठेवून तो नुसता बघत राहिला. फेस तसाच उभा होता.

“मला दिसत होता, भाऊजी,” तो म्हणाला. “माझ्या खोलीत पहिल्या दिवसापासून असाच दिसत होता.”

“मग भांडला का नाहीस आमच्याशी?”

“माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या पेल्यावर माझा जास्त विश्वास होता.”

मित्रांनो, मला आजवर पुष्कळांनी वाखाणलं, पण इतकं मोठं कुणी काही बोललं नव्हतं. आणि ते ऐकून मला आनंद व्हायच्या ऐवजी लाजच वाटली. तुमच्याही घरात कुणीतरी असंच आपलं काम घेऊन येईल, कुणी चित्र, कुणी भाकरी, कुणी गाणं, आणि स्वतःपेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवून बाहेर पायरीवर बसून राहील. तेव्हा मायेपोटीसुद्धा मला चमकवू नका. सगळ्यांसाठी धुता तसं साध्या पाण्याने धुवा, पालथा घाला आणि वाळू द्या.